सुधाताईंचा नंबर

मीनलचा फोन आला तेव्हा मी कार्यालयात दुसऱ्या दिवशीच्या पानावरचे शोक संदेश तपासत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली आणि फोन तसाच धरून राहिली. मागून ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या रुग्णालयाचा गलका येत होता. कोणीतरी हिंदीत स्ट्रेचर बाजूला घ्यायला सांगत होतं. पानावर जागा होती. गोविंदराव सबनीस, सिंचाई विभागाचे निवृत्त ड्राफ्ट्समन, राहणार माधवगंज, अंत्ययात्रा निवासस्थानाहून. नाव, हुद्दा, मोहल्ला, वेळ... चार ओळींत माणूस बसवायची आमच्या धंद्यात सवय असते आणि तो बसतोही. त्या ओळी मी हिंदीत लिहून खाली पाठवल्या. त्यांत न मावलेली गोष्ट एका लॅपटॉपची आहे. गोविंदरावांच्या शेवटच्या हिवाळ्यात तो बिघडला नव्हता, चांगला चालत होता. फक्त आपल्या मालकाला आत घेत नव्हता.

आमची ओळख एका चुकीतून झाली. आमच्या वर्तमानपत्रात एका कालव्याचा नकाशा छापला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी इस्त्रीच्या पांढऱ्या बुशशर्टातला एक उंच गृहस्थ अंक घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला. "आपके नक्शे में पानी चढ़ाई पर जा रहा है," तो शांतपणे म्हणाला. मग टेबलावरच्या पाटीवर माझं आडनाव वाचून मराठीत आला. "तुम्ही आपलेच दिसता. मग तर अजून वाईट झालं." नकाशावर त्यानं पेन्सिलीनं बाण काढून दाखवला. बाण इतका देखणा होता की आमच्या चित्रकारानं तो कागद ठेवून घेतला. तेव्हापासून ते मला 'संपादकजी' म्हणत. मी उपसंपादक होतो आणि उपसंपादकच राहिलो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. रविवारी सकाळी माधवगंजात त्यांच्याकडे चहाला जाण्याचा परिपाठ त्यानंतर पडला तो शेवटपर्यंत टिकला.

लॅपटॉप मीनलनं आणला, वडील निवृत्त झाले तेव्हा. ती भोपाळला नोकरी करते. बाबांनी घरात बसून कंटाळू नये एवढाच तिचा हेतू होता. तो सुरू करताना मी तिथेच होतो. खातं उघडायला त्यानं मोबाईल नंबर मागितला आणि गोविंदराव थांबले. "माझा नंबर बँकेत लागलेला आहे. तो असा कोणालाही द्यायचा नाही. सुधाचा टाक." स्वयंपाकघरातून सुधाताईंचा आवाज आला, "हो हो, चोर आला तर माझ्याकडे पाठवा. तुमच्या बँकेला त्रास नको." मीनल हसत हसत आईचा नंबर टाकत होती. पासवर्ड मात्र गोविंदरावांनी सगळ्यांना दुसरीकडे पाहायला लावून स्वतः टाकला. "लिहून तरी ठेवा," मी म्हटलं. "लिहिला तर तो पासवर्ड कसला, संपादकजी? मग दाराला कुलूप लावून किल्ली बाहेर खिळ्याला टांगा ना."

हा केवळ विनोद नव्हता. त्याच सुमारास मराठी समाजातल्या एका वृद्ध सभासदाला फोनवरून कोणीतरी गोड बोलून लुबाडलं होतं. गोविंदरावांनी ते मनाला फार लावून घेतलं. समाजाच्या सभागृहात ज्येष्ठांची बैठक होई तिथे दर वेळी शेवटी ते उभे राहत आणि तीन गोष्टी सांगत: पासवर्ड लिहायचा नाही, ओटीपी सांगायचा नाही, घाई करायची नाही. हेच त्यांनी ड्राफ्ट्समनच्या ताठ अक्षरांत लिहून भिंतीवर लावलं होतं. लोक चेष्टा करत. चहा देताना कोणी कोणाला "साखर किती?" विचारलं, तर "ओटीपी आल्याशिवाय सांगणार नाही," असं उत्तर येई. गोविंदराव हसत, पण कागद काढू देत नसत.

त्या लॅपटॉपवर त्यांनी केलेलं काम म्हणजे एक नकाशा. पुण्याहून एक कुटुंब आजोबांचं घर शोधत आलं होतं. हातात जुना पत्ता होता, गल्ली होती, पण घर कोणतं ते कोणाला सांगता येईना. शेवटी गोविंदरावांना बोलावलं. त्यांनी दाखवलं. आता तिथे बांगड्यांचं दुकान होतं. पुण्याची मंडळी दुकानासमोर फोटो काढून गेली. घरी आल्यावर गोविंदराव मला म्हणाले, "मी होतो म्हणून झालं. मी नसतो तर?" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माधवगंज आणि आसपासच्या गल्ल्यांतलं एकेक मराठी घर नकाशावर काढायला घेतलं. कोणाचे पूर्वज फौजेबरोबर आले, कोणाचे दरबारात कारकून होते, कोणाचे देवळात. आता त्यांची मुलं बँकेत, शाळांत, दवाखान्यांत आहेत, किंवा इथे नाहीतच. गोविंदराव दारात जाऊन उभे राहत, माहिती विचारत, घरी येऊन काढत. पद्धत खात्याची होती. जे आहे ते अखंड रेघेनं. जे होतं आणि आता नाही ते तुटक रेघेनं. कुटुंब इंदूरला, पुण्याला गेलं, घर विकलं, की त्या घराची रेघ तुटक. वर नाव बारीक अक्षरांत. "ज्यांना विचारतो ते सगळे माझ्याहून म्हातारे आहेत," ते म्हणत. "घाई करायची नाही असं मीच सांगतो. इथे मात्र घाई आहे."

सुधाताई या कामाच्या मध्यावर गेल्या. त्यांचा मोबाईल कपाटाच्या खणात ठेवला गेला. सुरुवातीला गोविंदराव तो अधूनमधून चार्ज करत. मग तेही थांबलं. नंबर चालू ठेवायला हवा, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. गेलेल्या माणसाचा नंबर कशाला चालू ठेवायचा? एका रविवारी त्यांनी तो लावून पाहिला आणि मला सांगितलं, "नंबर अस्तित्वात नाही म्हणते ती बाई. बरोबरच आहे." त्यानंतर हा विषय निघाला नाही. त्यांनी नकाशा पुढे न्यायला घेतला आणि रोज सकाळी जास्त वेळ बसू लागले.

लॅपटॉप ते बोटानं उघडत. कोपऱ्यातल्या चौकोनावर अंगठा ठेवला की पडदा उजळे. पासवर्ड टाकायची वेळ कित्येक वर्षं आलीच नव्हती. मागच्या दिवाळीनंतर लॅपटॉपनं आपला आपण काही बदल करून घेतला, बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि अंगठा न घेता पासवर्ड मागू लागला. मी गेलो तेव्हा गोविंदराव टेबलाशी ताठ बसले होते. समोर कोरा चौकोन.

"काहीतरी सुचतंय का?" मी विचारलं.

"सुचतंय खूप. तेच तर आहे. सगळंच बरोबर वाटतं." थोड्या वेळानं म्हणाले, "मी त्या दिवशी स्वतःवर फार खूश होतो, संपादकजी. मनात म्हटलं, हा कोणाच्या बापाला ओळखता येणार नाही. तेवढं आठवतं."

त्यांनी सुचेल ते टाकून पाहिलं. दर वेळी नकार आला, मग थांबायला सांगणारी सूचना आली, मग ती थांबण्याची मुदत वाढत गेली. मीनलनं भोपाळहून फोनवर एकेक पायरी सांगितली. शेवटी पडद्यावर आलं की नवा पासवर्ड करण्यासाठी नोंदवलेल्या मोबाईलवर कोड पाठवू. खाली नंबराचे शेवटचे आकडे होते. गोविंदरावांनी ते पाहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सुधाचा," ते म्हणाले.

फूलबागेजवळच्या दुकानात आम्ही लॅपटॉप घेऊन गेलो. दुकानदारानं तो उलटासुलटा केला. "अंकल जी, खोल तो दूँगा, पर अंदर का सब उड़ जाएगा. डिस्क लॉक है." दुसरीकडे प्रत आहे का, असं त्यानं विचारलं. नव्हती. दुसऱ्याचा पेनड्राइव्ह गोविंदराव आपल्या मशीनला लावू देत नसत आणि स्वतःचा घेतला नव्हता. मीनलनं कंपनीचा खातं परत मिळवण्याचा मार्गही करून पाहिला. जुने प्रश्न, जुनी माहिती भरली. दोनदा उत्तर आलं की दिलेल्या माहितीवरून खातं तुमचंच आहे याची खात्री पटत नाही. गोविंदरावांना हे वाचून हसू आलं. "मलाही पटत नाही," ते म्हणाले.

मग मीनलनं सहज आईचा नंबर लावला. तो वाजला. नंबर कोणा दुसऱ्याला मिळाला होता. नंबर कोणाचा ते दाखवणाऱ्या ॲपमध्ये नाव आलं: रेखा, डबरा. डबरा इथून जवळच, झाशीच्या रस्त्यावर. कोड या बाईच्या मोबाईलवर जाणार होता. तिनं तो वाचून दाखवला की लॅपटॉप उघडणार होता. एवढंच उरलं होतं.

फोन गोविंदरावांनी स्वतः केला. आधी काय बोलायचं ते मनाशी जुळवलं. मी समोर होतो. त्यांनी फोनचा आवाज मोठा ठेवला होता.

"नमस्कार बहन जी. मैं ग्वालियर से गोविंद सबनीस बोल रहा हूँ, माधवगंज से. आपको कष्ट दे रहा हूँ, क्षमा कीजिए. यह नंबर पहले मेरी पत्नी का था, सुधा नाम था उनका..."

"हाँ तो?"

"अभी आपके पास एक कोड आएगा. कृपा करके..."

"अच्छा! कोड!" पलीकडचा आवाज एकदम चढला. "भैया, शर्म नहीं आती? मरी हुई औरत का नाम लेकर ठगते हो?" फोन बंद झाला. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा लावला तर लागेना. तिनं नंबर अडवला होता.

मला वाटलं ते चिडतील. फोन टेबलावर ठेवून ते म्हणाले, "एकदम करेक्ट केलं तिनं." मी म्हटलं, डबऱ्यात आमचा वार्ताहर आहे, तो घर शोधून काढेल, जाऊन समजावून सांगेल. "घरी माणूस पाठवायचा? ती अजून घाबरेल. रात्री झोपणार नाही बिचारी." मग दुसऱ्या नंबरवरून मी फोन करतो, मी म्हटलं. "तेच तर ते लोक करतात, संपादकजी. एकानं नाही जमलं की दुसरा." मीनलनंही फोनवर बरंच सांगून पाहिलं. "बाबा, हा तुमचा नकाशा आहे, प्लीज, एकदा मला बोलू द्या तिच्याशी." त्यांनी तिलाही शपथ घातली. कोणी त्या बाईला फोन करायचा नाही.

पुढच्या बैठकीत ते नेहमीसारखे शेवटी उभे राहिले. भिंतीवरच्या कागदाकडे हात केला आणि म्हणाले, "डबऱ्याला एक बाई आहे. माझी तिची ओळख नाही. पण ओटीपी कसा सांगायचा नाही, हे तिच्याकडून शिका." आणि सगळा प्रसंग सांगितला, स्वतःच्या 'कृपा करके'ची नक्कल करून. सभागृह खूप हसलं. एका आजींनी विचारलं, "अहो, पण तुमच्या नकाशाचं काय?" गोविंदराव म्हणाले, "नकाशा काय, डोक्यात आहे."

त्यानंतर त्यांनी तो डोक्यातून काढायला घेतला. माळ्यावरून जुना ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर उतरवले, मोठा कागद चारी कोपऱ्यांना पट्ट्यांनी चिकटवला. थंडीत सकाळी धुकं विरलं की गच्चीवर उन्हात बोर्ड मांडून बसत. हात कापू लागला होता. मनगट पट्टीवर टेकवून रेघ ओढत. ओढून झाली की श्वास सोडत. मी नावं लिहून देतो म्हटलं तर नको म्हणाले. "अक्षर बदललं की नकाशा दोघांचा होतो." आधी पेन्सिल, मग शाई. अधूनमधून एखाद्या घराशी अडत. "इथे कोण होतं सांगा बरं?" मला माहीत नसे. ज्यांना माहीत होतं, ज्यांच्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं होतं, त्यांच्यातले बरेच मधल्या काळात गेले होते. त्यांची उत्तरं लॅपटॉपमध्ये होती, आणि लॅपटॉप खाली खोलीतल्या टेबलावर मिटलेला होता. गोविंदराव रोज त्याच्यावरची धूळ पुसत. एकदा मी पाहिलं, त्यांनी तो उघडला, काहीतरी टाकलं, वाट पाहिली आणि मिटला.

फाल्गुनात त्यांना दम लागू लागला. गच्चीचा जिना बंद झाला, बोर्ड खाली आला. रुग्णालयात नेलं तेव्हा नकाशाच्या एका अंगाच्या गल्ल्या पेन्सिलीतच होत्या. तिथे माझी त्यांची शेवटची भेट झाली. नाकाला नळी होती. मला जवळ बोलावून म्हणाले, "मीनलला सांगा, कागदावर कपडा टाकून ठेव म्हणावं. उन्हानं शाई उडते." नकाशाबद्दल ते एवढंच बोलले.

आता पुढचं. दहाव्या-बाराव्या दिवसांच्या दरम्यान मी त्यांच्याकडे बसलो होतो. मीनलजवळ वडिलांचा फोन होता. सांत्वनाचे फोन त्यावरच येत. तो वाजला आणि पडद्यावर नाव आलं: सुधा. गोविंदरावांनी बायकोचं नाव फोनमधून कधी काढलं नव्हतं. मीनल दचकली. मग तिनं फोन घेऊन आवाज मोठा केला.

"हैलो... मैं डबरा से रेखा बोल रही हूँ. ये ग्वालियर वाले सबनीस अंकल जी का नंबर है?"

झालं होतं असं. पुण्याच्या एका नातेवाइकानं निधनाचा संदेश फोटोसकट आपल्या यादीतल्या सगळ्यांना पाठवला होता. त्या यादीत सुधाताईंचा नंबर अजून होता. 'कै. सुधाताईंचे यजमान श्री. गोविंदराव सबनीस यांचे ग्वाल्हेर येथे दुःखद निधन...' रेखाबाईंना मराठी येत नव्हती, पण अक्षरं वाचता येत होती.

"पूरा समझ में नहीं आया, पर नाम पढ़ लिया. सुधा. सबनीस. ग्वालियर. ये तीनों नाम वो फोन पे बोले थे." त्या थांबल्या. "बेटा, वो सच बोल रहे थे क्या?"

"हाँ जी," मीनल म्हणाली.

"हमने तो ब्लॉक कर दिया था. आज खोला. हमारे देवर का पूरा खाता साफ हो चुका है ऐसे ही फोन से, तो हम... और वो इतनी तमीज़ से बोल रहे थे ना, उसी से डर लगा. इतनी तमीज़ से कौन बोलता है." पलीकडून शिवणयंत्राचा आवाज येत होता, तो बंद झाला. "नाराज़ थे क्या हमसे?"

"नहीं आंटी. वो तो आपकी मिसाल देते थे. सबके सामने."

मग रेखाबाई म्हणाल्या, "अब वो कोड काम आएगा? भेजो तो... मैं पढ़ देती हूँ."

मीनलनं लॅपटॉप उघडला. कोड गेला. रेखाबाईंनी एकेक आकडा सावकाश, दोनदा वाचला, लहान मुलाला सांगावा तसा. मीनलनं तो टाकला, नवा पासवर्ड ठेवला, आणि पडदा उजळला. सगळं मिळून चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. "मिल गया?" पलीकडून प्रश्न आला. मीनल पडद्याकडे वाकली होती. तिच्या हातातून फोन घेऊन मी सांगितलं, "मिल गया, रेखा जी."

नकाशा तिथे होता. पूर्ण नव्हता, बऱ्याच घरांपुढे 'विचारणे' असं लिहिलेलं होतं. पण जो होता तो खात्याच्या शिस्तीचा होता. अखंड रेघा थोड्या, तुटक रेघा पुष्कळ. काही गल्ल्या पूर्ण तुटक. लांबून पाहिलं तर माधवगंज पुसट होत चालल्यासारखं दिसत होतं. समाजानं तो छापून सभागृहात लावायचं ठरवलं आहे, आणि तेच योग्य आहे, कारण बरोबर नकाशा तो आहे. ज्यांना 'विचारणे' होतं त्यांच्यातलं आता फारसं कोणी उरलेलं नाही. हिवाळ्यात लॅपटॉप उघडला असता तर विचारणारा होता. काही घरांतून सांगणारेही होते.

निघताना मीनलनं बोर्डावरचं कापड उचललं. ती म्हणाली, "काका, तुम्ही हे पाहिलं होतं?" मी पाहिलं होतं, कित्येकदा, पण दुसरा नकाशा शेजारी नव्हता. कागदावर एकही तुटक रेघ नाही. ज्या गृहस्थानं आयुष्यभर असलेलं आणि नसलेलं एकाच रेघेनं कधी दाखवलं नाही, त्यानं बांगड्यांच्या दुकानाच्या जागी पुण्याला गेलेलं कुटुंब ठेवलं आहे, विकलेली घरं परत केली आहेत, आणि आपल्या घरावर 'गोविंद, सुधा' अशी दोन्ही नावं लिहिली आहेत. ही विसरण्यातली चूक आहे की नाही, हे मला ठरवता येत नाही. वर्तमानपत्रात दुरुस्ती छापतात तशी ती मी छापावी, असंही ते कधी म्हणाले नव्हते.

मीनल भोपाळला परत गेली. बोर्ड तिनं हलवलेला नाही. चारी कोपऱ्यांच्या पट्ट्या तशाच आहेत, वर कापड आहे. किल्ली शेजाऱ्यांकडे असते. रविवारी मी जाऊन खिडकी उघडतो, जरा वेळ बसतो आणि कापड नीट करतो. शेवटच्या गल्लीतल्या शेवटच्या घराची रेघ अजून पेन्सिलीचीच आहे. हात कापल्यामुळे ती मधेच किंचित वाकली आहे. पण तुटलेली नाही.